हवा बघणाऱ्या ओहोळबाई

ऑर्किडचं एक रोप द्या, एवढंच मी ओहोळबाईंना म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता त्या आमच्या दारात उभ्या. एप्रिलचं ऊन, डोक्यावर काळी छत्री, काखेत पर्स आणि हातात प्लास्टिकची एक डबी. पाणीसुद्धा न पिता त्यांनी डबी उघडली, आतला ओला रुमाल काढून आमच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकला, चिमटा लावला, घड्याळ बघितलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, चहा टाका. तवर बघू तुमची हवा काय म्हणते."

आमची हवा फारच तोंडाळ निघाली. चहाला उकळी यायच्या आत रुमाल पापडासारखा कडक झाला होता. बाईंनी तो घडी करून डबीत ठेवला.

"न्हाई सर. तुम्हाला रोप देत न्हाई."

"अहो बाई, मी रोज पाणी घालीन ना!"

"मुळाला घालाल. हवेला कोण घालणार?"

मी मराठीचा मास्तर, उत्तराला कधी अडत नाही. पण तिथे अडलो. शिरूरच्या ज्या शाळेत मी व्याकरण शिकवायचो, तिथेच ओहोळबाई विज्ञान शिकवायच्या. बारा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्या बारा वर्षांत मी त्यांच्याशी कुठल्याही वादात जिंकल्याचं मला आठवत नाही. शेवटी न्हाणीघराच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली सदा ओल असलेला एक कोपरा त्यांनीच शोधून काढला, तिथे परत रुमाल वाळत घातला, आणि तो अर्धा तास ओला राहिल्यावर मला डेंड्रोबियम जातीचं एक ऑर्किड मिळालं. ते अजून आहे आणि माझ्यासारख्या माणसाच्या हातूनही फुलतं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण ऑर्किडच्या दुकानात गुलाबी तुरे दिसले की माझा जीव कासावीस होतो, म्हणून लिहितो आहे.

चर्चमागच्या गल्लीत त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. ओहोळ गुरुजी लवकर गेले. मागे राहिल्या बाई, मुलगी नाओमी आणि परसातला एक मोठा कडुनिंब. त्या कडुनिंबाला बाईंनी लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या टांगल्या होत्या. टोपल्यांत माती नाही, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं. खाली पाण्याची घमेली, जमिनीवर दिवसातून तीनदा पाणी. बाहेर मे महिन्याचा फुफाटा असायचा आणि आत पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरायची. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, पण बाईंनी त्या दोन गुंठ्यांत कोकण वसवलं होतं.

ऑर्किडला त्या आमरी म्हणायच्या, आणि आमऱ्यांची त्यांची स्वतःची वर्गवारी होती. लॅटिन नावं त्यांना पाठ होती, पण माणसांशी बोलताना त्या तीनच जाती सांगायच्या. सोशिक, नखरेल आणि पाहुणी. डेंड्रोबियम, व्हँडा या सोशिक. त्यांना घाम येईल एवढी उष्ण, दमट हवा द्या, उजेड द्या, त्या तुमचं घर सोडणार नाहीत. फॅलेनॉप्सिस नखरेल. तिला उकाडा चालतो, पण ऊन नको, पानात साचलेलं पाणी नको. आणि डोंगराळ, थंड मुलखातल्या त्या सगळ्या पाहुण्या. "त्या आणूच नका," बाई बजावून सांगायच्या. "माणसानं आपल्या हवेला सोसंल ती आमरी निवडावी. आमरी निवडून मग तिच्यापायी हवा बदलायला जाऊ नये. आपुन थकतो आन् ती झुरते."

हे त्यांचं वाक्य मी वडगाव रासाईत जसं ऐकलं, तसं कुठेच नाही. तिथले दादासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन, भीमेच्या काठाला सगळा ऊस. ऊस कमी करून त्यांनी नदीच्या बाजूला शेडनेट उभारलं होतं आणि मोबाइलमध्ये एका फुलाचा फोटो घेऊन ते बाईंची वाट बघत होते. मी बाईंना गाडीने घेऊन गेलो होतो, कारण बाईंना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

बाईंनी शेडच्या चार कोपऱ्यांत चार रुमाल टांगले आणि खुर्ची टाकून बसल्या. दादासाहेबांची माणसं तोंडावर पंचा धरून हसत होती. तासाभराने बाई उठल्या, एकेक रुमाल दाबून बघितला. तीन बाजूंना उसाचं पाणी, चौथ्या बाजूला नदी. रुमाल ओलेच होते.

"हवा झकास हाय तुमची दादासाहेब. झाड चुकलंय."

"आवो बाई, तुरा तर बघा फोटोतला! हात-दीड हात हाय. मला ह्योच पायजे."

"ह्याचं नाव सिंबिडियम. ह्याला पावसाळा सरला की गार रात्री लागतात. रात्री थंडी वाजली तरच ह्याला कळी धरायचं कळतं. तुम्ही दसऱ्याच्या सुमाराला रात्री पंखा लावता का न्हाई?"

"लावतो की. न्हाई लावला तर मंडळी मला वट्यावर झोपाया लावती."

"मग हे तुमच्याकडं पानं देईल, फूल देणार न्हाई. बरं, लगेच मरणार बी न्हाई. तीन-चार वर्षं झुरंल, आन् तुम्ही रोज त्याच्याकडं बघत बसाल. त्यापरीस आणूच नका."

दादासाहेब गावात कुणाचं ऐकत नसत, पण बाईंचं ऐकलं. नदीकडच्या बाजूला उघड्या मुळांच्या व्हँडा, बाकी सगळी डेंड्रोबियम. पुढच्याच वर्षी वडगाव रासाईची फुलं पुण्याच्या बाजारात जायला लागली. दादासाहेबांनी बाईंना शाल आणि नारळ दिला. बाईंनी शाल तिथल्याच एका मजूर बाईच्या खांद्यावर टाकली आणि विचारलं, "नारळाची सोडणं टाकून देता का तुम्ही? दोन पोती मिळतील का?"

आता नाओमीचं सांगायला हवं.

नाओमी किडकिडीत, हसरी पोर. नर्सिंग केलेली. तिला लहानपणापासून दमा. आमच्याकडे हरभऱ्याची मळणी सुरू झाली, धूळ उठली, की तिची छाती वाजायची. रात्र रात्र बाई तिला बसवून पाठ चोळायच्या. शिकून झाल्यावर तिला दोन ठिकाणी नोकरी मिळत होती. एक पुण्यात आणि दुसरी पार शिलाँगच्या बाजूला, डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात. नाओमीला पुणं हवं होतं. बाईंनी काय केलं असेल? महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर त्या डोंगरातल्या गावाची हवा बघितली आणि वहीत लिहून ठेवली.

"सर, मे महिन्यात बी तिथं स्वेटर लागतो. धूळ न्हाई. ऊन न्हाई. माझ्या पोरीला हीच हवा मानवणार."

त्या दिवसांत नाओमी एकदा आमच्या घरी आली. उंबऱ्यातच बसली आणि हसत म्हणाली, "सर, आईला तुम्ही तरी सांगा ना. मी काय आमरी आहे का, हवा बघून लावायला?" मीही हसलो. विनोद छान होता. बाईंना मात्र मी काही सांगितलं नाही, कारण मलाही वाटलं, बाई म्हणतात ते बरोबरच असणार. आजवर कुठे चुकल्या होत्या त्या?

आणि त्या चुकल्याही नव्हत्या. दोन वर्षं नाओमी तिथे फुलली. 'आई, महिना झाला, पंप हातात घेतला नाही,' असा तिचा निरोप आला, तेव्हा बाईंनी तो आम्हा सगळ्यांना वाचून दाखवला. तिसऱ्या पावसाळ्यात नाओमी एका खेड्यात बाळंतिणीला बघायला जीपने निघाली. वाटेत दरड कोसळली. जीपमधलं कुणीही वाचलं नाही.

रस्ते बंद होते. बाई दिराला घेऊन पोचल्या तेव्हा चौथा दिवस होता आणि तिथल्या मंडळींनी नाओमीला माती दिलेली होती. बाईंना तिचं तोंड बघायला मिळालं नाही. परतीची गाडी दौंडला येणार होती, म्हणून मी दौंडला आणायला गेलो. डब्यातून आधी दीर उतरले. मग बाई, छातीशी काहीतरी धरून. नाओमीच्या लाल स्वेटरमध्ये गुंडाळलेली कुंडी होती ती. लांब, पात्यासारखी पानं बाहेर आलेली.

"सर, हिला धरा जरा," बाई म्हणाल्या. "हळू. तिच्या खिडकीत होती."

मी धरली. दादासाहेबांच्या फोटोतली पानं मला ओळखू आली. सिंबिडियम.

पुढची तीन वर्षं मी डोळ्यांनी बघितली. उत्तरेकडची खोली बाईंनी त्या आमरीला दिली आणि स्वतः पत्र्याखालच्या पडवीत झोपायला लागल्या. खिडक्यांना ओली पोती. उन्हाळ्यात बर्फवाला सायकलवरून लादी आणून टाकायचा. बाई ती घमेल्यात ठेवायच्या, मागे टेबलफॅन लावायच्या आणि आमरीवर गार वारा सोडायच्या. दसरा-दिवाळीच्या दिवसांत रात्री उठून त्या कुंडीच्या बुडाशी बर्फाचं पाणी ठेवायच्या, म्हणजे तिला थंडी वाजावी, म्हणजे तिनं कळी धरावी. आमरी पानं द्यायची. एक, मग दुसरं. मग टोकाकडून पिवळी पडायची. कळी कधीच धरली नाही.

इकडे परसातल्या टोपल्यांकडे कोण बघणार? व्हँडाची मुळं वाळून दोरीसारखी झाली. लोक रोपं मागायला यायचे, बाई दारातूनच 'नंतर या' म्हणायच्या. रविवारी उपासनेला जायचं त्यांनी सोडलं, कारण त्या वेळेला बर्फवाला यायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, वडगाव रासाईला तुम्ही दादासाहेबांना काय सांगितलं होतं? आठवतंय का?"

बाई पानं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादासाहेबांनी ते झाड फोटोत बघितलं होतं सर. ह्याला माझ्या पोरीनं पाणी घातलंय."

त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं तोंड कायमचं बंद व्हावं असं मला वाटलं.

त्या परत बोलल्या त्या सणसवाडीला जायचं निघालं तेव्हा. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या कंपनीत साहेब झाला होता आणि ऑफिसच्या दर्शनी भागात ऑर्किड लावायचे म्हणून बाईंच्या मागे लागला होता. बाईंना विद्यार्थ्याला नाही म्हणता येईना. परसात एकच झाड धड होतं, सीतेची वेणी. आपल्याच सह्याद्रीत झाडांवर वाढणारी आमरी, गुलाबी ठिपक्यांचा लोंबता तुरा. ती ऐन फुलात होती. ती टोपली मांडीवर घेऊन बाई गाडीत बसल्या.

दर्शनी भागात एसी होता, काच होती, सोफे होते. बाईंनी रुमाल टांगला. रुमाल वाळला.

"हिथं न्हाई जगणार. थंड पण कोरडं हाय. तुमच्या कंपनीत घाम कुठं येतो?"

साहेबाला प्रश्न कळेना. बाई स्वतःच निघाल्या. सगळी कंपनी फिरून त्या थांबल्या कँटीनच्या मागच्या बाजूला. तिथे मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता, वाफ बाहेर येत होती, वर हिरव्या पत्र्यातून कोवळा उजेड. रुमाल ओलाच राहिला.

"हिथं लावा."

"बाई, अहो इथं व्हिजिटर कोण येणार बघायला?" साहेब कळवळून म्हणाला.

"जी भात शिजवती ती बघंल की."

बाईंनी तिथल्या खांबाला टोपली टांगली. तेवढ्यात भाजीची सालं टाकायला एक तरुणी बाहेर आली, तुरा बघून जागीच थबकली आणि हातातली परात तिने खाली ठेवली. "कपौ!" ती म्हणाली. "मौसी, ये तो कपौ है! हमारे यहाँ बिहू में बालों में लगाते हैं." आणि ती एकदम रडायला लागली. जुनाली तिचं नाव. आसामची. नवऱ्याबरोबर सणसवाडीत खोली घेऊन राहत होती. चार वर्षांत ती घरी गेली नव्हती.

आपल्या झाडाचं पानसुद्धा कुणाला तोडू न देणाऱ्या ओहोळबाईंनी तो अख्खा तुरा खुडला आणि तिच्या अंबाड्यात खोचला. मग तिची हनुवटी धरून, आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "घर किधर है? सपाटी पे की पहाड पे?"

"ससुराल नीचे है मौसी. मायका ऊपर, पहाड में."

"दिवाली में रात को कितनी रजाई लेते?"

जुनालीला हसू आलं. "दो. और माँ आग भी जलाती है."

बाईंचा चेहरा मी बघितला आणि ती आमरी आता कुठे जाणार ते मला कळलं. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, रांजणगाव मागे पडलं. मग एकदम म्हणाल्या, "सर, मी हवा बघितली. रस्ता न्हाई बघितला."

मी गाडी बाजूला घेतली.

"हवा बरोबर होती सर. ती तिथं मोकळा श्वास घ्यायची. चूक हवेची नव्हती. आन् मी तिची आमरी हिथं आणून तिचा जीव कोंडलाय."

जुनाली आणि तिचा नवरा ऑगस्टमध्ये कायमचे गावी परतणार होते. आमरी तिच्या माहेरी द्यायची असं ठरलं. पुढचं आधीच सांगून टाकतो. दोन महिन्यांनी जुनालीचा नंबर लागेनासा झाला. आमरी तिथे जगली का, फुलली का, मला माहीत नाही. बाईंनाही कळलं नाही. नाताळाच्या आधी आठ दिवस त्या त्याच पत्र्याखालच्या पडवीत झोपेत गेल्या. उत्तरेकडची खोली रिकामी होती, तरी त्या पडवीतच झोपायच्या. मी तेव्हा मुलाकडे होतो. मातीलासुद्धा पोचलो नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बाई आहेत त्या दौंडच्या फलाटावरच्या.

जुनालीची गाडी पुण्याहून सुटणार होती. आम्हाला सणसवाडीला जाऊन तिच्या खोलीवर कुंडी देता आली असती. पण बाई म्हणाल्या, दौंडलाच देऊ. का, ते मी विचारलं नाही. संध्याकाळ होती, पावसाची भुरभुर होती. बाईंनी एक जुनेर फाडून कुंडी बांधली होती. लाल स्वेटर मात्र त्यांनी काढून घेतला होता.

गाडी दोनच मिनिटं थांबली. जुनाली दारात उभी होती. बाईंनी कुंडी तिच्या हातात दिली, पण स्वतःचे हात काढले नाहीत. दोघी चार हातांनी ती धरून उभ्या.

"रात को खिडकी खुली रखना," बाई घाईघाईने सांगत होत्या. "उसको गार हवा लगती. धूल से दूर रखना. पानी जास्ती नहीं. और बारिश में बाहर मत भेजना उसको. कोई बोला तो भी नहीं."

"हाँ मौसी. फूल आएगा तो फोटो भेजूँगी."

"फूल नहीं आया तो भी चलेगा. जिंदी रहनी चाहिए बस."

गाडी हलली. मी बाईंचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. तो सोडवून त्या डब्याबरोबर चालत राहिल्या, मग जवळजवळ धावल्या, आणि फलाटाच्या उतारापाशी थांबल्या. शेवटचा डबा गेला. तीन वर्षांत बाईंना मी एकदाही रडताना बघितलं नव्हतं. त्या तिथे ओल्या फलाटावर खाली बसल्या आणि हुंदके देऊन, लहान पोरासारख्या रडल्या. लोक बघत होते. मी त्यांच्याशेजारी बसलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि रुळांकडे बघत म्हणाल्या, "नाओमीला बी ह्याच फलाटावरून बसवलं होतं सर. तवा सगळं सांगितलं मी तिला. स्वेटर, पंप, गरम पाणी, वाफारा. पावसात बाहेर पडू नको, एवढंच सांगायचं राहिलं."